कुलपावाचून तुरुंग
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज करमणुकीविषयी चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. गेल्या महिन्यात आपण सर्वजणींनी मिळून ‘दो आँखें बारह हाथ’ हा जुना चित्रपट पाहिला. त्याविषयीच बोलते.

व्ही. शांताराम यांनी १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’ रंगांनी नटविला आणि १९५७ साली हा साधा काळापांढरा चित्रपट दिला. ह्यात महाल नाहीत, भरजरी वस्त्रे नाहीत. आहे तो एक उजाड माळ, एक जेलर आणि सहा खुनी कैदी. खेळणी विकणारी चंपा आली की ते आडदांड गडी कसे बावरून जातात, हे पाहून आपण पोट धरधरून हसलो. पण घरी जाताना बोलत मात्र कोणीच नव्हते.

भगिनींनो, ही नुसती कल्पना नव्हे. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी व मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांचा तो प्रयोग. तेथे कैदी शेती करीत व बायकामुलांसह राहत. चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच माणदेशातले.

चित्रपटातील कैदी स्वतः पिकविलेली भाजी बाजारात नेतात. तेथे त्यांना मार बसतो. पण जेलरला शब्द दिलेला, म्हणून ते हात उचलीत नाहीत. हा प्रसंग पाहताना मला आपल्याच दारातली एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी एक बाई मंडळाकडे पापडाचे काम मागावयास आली होती. तिचे यजमान तुरुंगात. “सामान कोणाच्या भरवशावर द्यावे?” असे म्हणून तिला परत पाठविले. ते शब्द दुसऱ्या कोणाचे नव्हते, माझेच होते. गुन्हा तिचा नव्हता. शिक्षा मात्र आपण तिला दिली.

आपण धानाच्या मुलखातल्या बायका. रोवणी झाली की दुसऱ्या दिवशी लोंबी येत नाही. बांधीत पाणी धरून वाट पाहावी लागते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. विश्वासाचेही तसेच नव्हे काय? आधी द्यावा लागतो, फळ मागून येते.

म्हणून माझी एक सूचना आहे. ह्या उन्हाळ्यात त्या बाईला पाच किलो उडदाचे पीठ घरी नेऊ द्यावे. पीठ बुडालेच, तर त्याची किंमत माझ्याकडून भरून घ्यावी. निरोप घेऊन तिच्या घरी मी स्वतः जाईन; दोन वर्षांपूर्वीचे शब्द मलाच परत घ्यावयाचे आहेत.