जुनी गाडी, आपलं नाव

(मोटार चालवण्याचे प्रशिक्षण पूर्ण केलेल्या मुलींच्या शिबिरात कराड येथे केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तुमच्यापैकी बहुतेकींच्या हातात आता पक्कं लायसन आलंय. पण गेल्या महिनाभरात स्टीअरिंग किती जणींच्या हातात आलं, असं मी मघाशी विचारलं तेव्हा चारच हात वर झाले. घरात गाडी आहे, पण ती भावाची आहे, किंवा वडिलांची आहे, आणि "तू शीक, पण रस्त्यावर नको नेऊस, नवीन आहे." मग सहा महिन्यांनी सगळं विसरतं आणि लायसन पर्समध्ये राहतं, आधार कार्डाच्या मागे.

म्हणून आज स्वतःच्या गाडीबद्दल बोलायचं आहे. नव्या कोऱ्या गाडीबद्दल नाही, कारण आपल्यातल्या फार थोड्या जणींना ती परवडेल. जुन्या गाडीबद्दल, आणि तीही डिझेलच्या. तुमच्यापैकी नऊ-दहा जणींनी चिठ्ठीवर लिहून दिलंय की "स्वस्तात डिझेल गाडी मिळतेय, अॅव्हरेज चांगलं आहे, घेऊ का?" मी समाजकार्याची एम.ए. आहे, मेकॅनिक नाही. पण पाटणच्या पलीकडच्या गावांत कामाला जायचं तर एस.टी.च्या दोन फेऱ्यांवर भागत नाही. म्हणून मी पाच वर्षांपूर्वी एक जुनी डिझेल गाडी घेतली, आणि तेव्हापासून आमच्या क्षेत्रातल्या बायकांबरोबर बऱ्याच गाड्या बघायला गेले आहे.

आधी हिशोब करू. तोही तुमच्या स्वतःच्या किलोमीटरचा. शेजाऱ्याची गाडी किती देते याने तुमचं काही ठरत नाही. एक वही घ्या आणि महिनाभर लिहा, की मी कुठे जाते, किती लांब, किती वेळा थांबते. सोपं जावं म्हणून पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. तेवढ्याच आकाराची जुनी पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि डिझेलची २० देते असं समजा. म्हणजे पेट्रोलला किलोमीटरमागे साडेसहा रुपये, डिझेलला साधारण ४ रुपये ५५ पैसे. फरक १ रुपया ९५ पैशांचा. आता जी महिन्याला पाचशे किलोमीटर फिरते तिचे वाचतात ९७५ रुपये. जी पंधराशे फिरते तिचे २,९२५. डिझेलची गाडी विकत घेताना समजा ६० हजार जास्त द्यावे लागले, तर पहिलीला ते वसूल व्हायला पाच वर्षं लागतील आणि दुसरीला वीस महिने. ही फळ्यावर मांडलेली बेरीज घरी जाऊन आपल्या आकड्यांनी पुन्हा करा. जवळ गॅसचा पंप असेल तर सी.एन.जी.चा कॉलमही मांडा. शहरालगत राहणाऱ्या मुलीला बऱ्याचदा तोच स्वस्त पडतो, रांगेत उभं राहायची तयारी असेल तर.

डिझेल स्वस्त, ही आपल्या डोक्यात बसलेली गोष्ट जुन्या काळातली आहे. २०१२ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरला पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, कारण डिझेलचा भाव सरकार धरून ठेवत होतं. त्या वेळी लोकांनी डिझेल गाड्या धडाधड घेतल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोडला आणि ती दरी बुजत गेली. पुढे १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ चे नियम देशभर लागू झाले. धूर स्वच्छ करणारी यंत्रणा लहान डिझेल इंजिनाला महाग पडते, म्हणून मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. त्यामुळे जुन्या बाजारात तुम्हाला ज्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ डिझेलमध्ये दिसतात त्या २०२० च्या आधीच्याच. त्यांतलं १२४८ सी.सी.चं इंजिन मूळ फियाटचं. तेच टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्येही होतं. याचा फायदा असा, की तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला ते खोलता येतं आणि पार्ट मिळतात. पहिल्या गाडीला ही गोष्ट मी अॅव्हरेजपेक्षा मोठी मानते. एखादी परदेशी बनावटीची डिझेल गाडी दिमाखदार असते, त्याच किमतीत मिळते, आणि एक सेन्सर गेला की पुण्यापर्यंत टोचन करून न्यावी लागते.

पण २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते, हेही लक्षात घ्या. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये मोटारीला पाच हजार झाली होती, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. विकणारा "अजून दोन वर्षं पेपर आहे ताई" म्हणतो, तेव्हा दोन वर्षांनी तो खर्च कोणाच्या पदरात पडणार ते विचारा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून आणू नका, हेही सांगते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाची बंदी आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नंतरही आदेश फिरत राहिले. त्या गाड्या इकडे येतात. दुसऱ्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी., इथला कर, नवा नंबर या सगळ्यात बाईच्या दहा रजा जातात.

आता बी.एस.-६ ची, म्हणजे २०२० नंतरची डिझेल गाडी कोणी बघत असेल तर एक विचारते. रोजचं जाणं किती? घर ते शाळा तीन किलोमीटर असेल तर ती घेऊ नका. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी एक जाळी असते, डी.पी.एफ. म्हणतात तिला. ती साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात पळावी लागते. गल्लीबोळात ती तुंबते आणि बिल पाच आकड्यांत जातं. डिझेलची तब्येत लांबच्या रस्त्यावर बरी राहते. रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्या नर्सबाईला ती मानवेल, बाजारात भाजी आणायला नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा, की इंजिन गरम करून ठेवू नका. बोनेटला हात लावून बघा, थंड पाहिजे. थकलेलं डिझेल इंजिन थंडीत पहिल्या सेल्फला उठत नाही, म्हणून विकणारे आधीच चालू करून ठेवतात. चालू झाल्यावर मागे उभ्या राहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. अॅक्सिलरेटर दाबल्यावर दाट काळा येत असेल तर नोझल किंवा टर्बोचं काम निघणार. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, तिला घाबरू नका, पण इंजिन तापल्यावरही पांढरंच येत राहिलं तर ती गाडी सोडा. इंजिन चालू असतानाच ऑइलचं झाकण काढायला सांगा. तिथून भकाभका वाफा आल्या तर आतल्या रिंगा गेल्या. ऑइल काळं दिसतं म्हणून मात्र गाडी नाकारू नका, डिझेलचं ऑइल काळंच होतं. दुधासारखं दिसलं तर नाकारा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. तळाशी चिखलाची रेघ असेल तर ती गाडी पुरात बुडालेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. पायाखालचा गालिचा उचला, वास घ्या. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंग चकचकीत झालेलं आणि मीटर म्हणतंय चाळीस हजार, असं जमत नाही. सर्व्हिसची बिलं मागा. पूर्वी टुरिस्टला चालून मग खाजगी केलेल्या डिझेल गाड्या पुष्कळ असतात. आर.सी. नीट वाचलं तर कळतं.

आणि स्वतः बसून बघा. हे मला जोर देऊन सांगायचंय, कारण गाडी बघायला जाताना आपण मागच्या सीटवर बसतो आणि ट्रायल भाऊ घेतो. डिझेलचा क्लच जड असतो. पाच फुटांच्या आतल्या मुलीचा पाय क्लचवर पुरा टेकतो का, पुढचं दिसतं का, घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरता येते का, हे भावाला कसं कळणार? अजून एक. २०१९ मध्ये नव्या गाड्यांना ए.बी.एस. आणि चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या सगळ्यात खालच्या मॉडेलमध्ये दोन्ही नसण्याची शक्यता मोठी. नवीन चालवणारीने वीस हजार जास्त द्यावेत पण या दोन गोष्टी असलेली गाडी घ्यावी, असं माझं मत आहे. म्युझिक सिस्टीमचे पैसे देऊ नयेत.

इथवरचं सगळं तुम्हाला चांगला मिस्त्रीही सांगेल, पाचशे रुपये घेऊन. मिस्त्री जे सांगत नाही त्याबद्दल आता.

आमच्या ओळखीतली एक जण, चोवीस वर्षांची, दवाखान्यात नोकरी करते. तिने दोन वर्षं साठवलेले पैसे आणि स्वतःच्या पाटल्या मोडून आलेली रक्कम घालून गाडी घेतली. एजंट म्हणाला, "मिस्टरांना घेऊन या, सहीला लागतील." सहीला मिस्टर लागत नव्हते. पण आले, आणि गाडी त्यांच्या नावावर चढली. घरात कोणी भांडलं नाही, कोणाच्या मनात वाईटही नव्हतं. "एकच आहे गं सगळं," असं सासूबाई म्हणाल्या. पुढे वर्षभराने नवराबायकोत बिनसलं तेव्हा ती माहेरी आली, एस.टी.ने. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे. पाटल्या होत्या तोवर प्रश्नच नव्हता. त्या मोडून गाडी झाली आणि आर.सी.वर दुसऱ्याचं नाव लागलं, की पैसे आपले होते हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून पैसे द्यायचे ते आपल्या खात्यातून, चेकने किंवा ऑनलाइन, आणि पावती आपल्या नावाची.

नावाचा दुसराही पदर आहे. विम्याबरोबर मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते नोंदलेल्या मालकाला असतं, त्याच्याकडे लायसन असेल तर. गाडी भावाच्या नावावर, चालवता तुम्ही, आणि घाटात काही झालं, तर ते संरक्षण तुमचं नाही.

आणि उलटही होतं. गाडी बाईच्या नावावर आणि वापरतो भलताच. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर टाकली. ज्याचं नाव तो मालक. सोळा वर्षांच्या दिराने किल्ली उचलून नेली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा नाव आपलं असेल तर किल्लीही आपल्याकडे, दोन्ही किल्ल्या.

कागद थोडक्यात सांगते. फॉर्म २९ आणि ३० विकणाऱ्याच्या सहीचे, कोरे नको, भरलेले. खरेदीदाराने तीस दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची असते. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एन.ओ.सी. हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तेव्हा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त बसेल. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता वयावर ठरत नाही, इंजिनावर ठरतो. जून २०२२ च्या दरांत १००० ते १५०० सी.सी.ला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्याला ७,८९७. मोठ्या डिझेल गाडीचा मोह होईल तेव्हा हा आकडा आठवा. थकलेले ई-चलान नंबर टाकून मोबाइलवर बघता येतात. ते विकणाऱ्याने भरायचे.

एका मैत्रिणीने चिठ्ठीत विचारलंय, की चुलीच्या धुराविरुद्ध आपण इतकी वर्षं बोललो, मग डिझेलचा धूर कसा चालतो? बरोबर विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला कर्करोग होण्याचं कारण ठरवलं. माझ्याकडे याचं छान उत्तर नाही. शहरात राहत असते तर मी डिझेल घेतलं नसतं. जिथे एस.टी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येते तिथे मी घेतलं, आणि पी.यू.सी.चा कागद नुसता विकत न घेता इंजिन खरंच तपासून घेते.

तर, भरलेले नमुना फॉर्म संघटनेच्या टेबलावर ठेवलेत, ते बघून जा. गाडी बघायला एकटीने जाऊ नका, दोघी जा. एकीने विकणाऱ्याशी बोलत राहायचं आणि दुसरीने शांतपणे बोनेटखाली बघायचं. आता प्रश्न विचारा. मागे बसलेल्यांपासून सुरुवात करू.