रात्री नऊचा वेग



घरी ब्रॉडबँडची जोडणी कोणत्या कंपनीकडून घ्यावी, हा प्रश्न व्याख्यानाला घेतल्याचे ऐकून कोणाच्याही चेहऱ्यावर हसू उमटावे. परंतु मुलांचा अभ्यास, घरून चालणारी नोकरी, सात-बाराचा उतारा, परीक्षेचा अर्ज आणि निवृत्तांचा हयातीचा दाखला इतक्या गोष्टी ज्या तारेवरून आता घरात येतात, ती तार रोज संध्याकाळी कोंडत असेल, तर प्रश्न किरकोळ राहत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा मोबाइलच्या जाळ्यांवरील भार हलका व्हावा म्हणून चलचित्रे पुरविणाऱ्या कंपन्यांना चित्राचा दर्जा ४८० पर्यंत खाली आणावा लागला होता. वेग ही प्रत्येकाने आपापल्या पैशाने विकत घेतलेली स्वतंत्र वस्तू आहे, हा समज त्या आठवड्यात उघडा पडला.

जाहिरातीत ‘१०० मेगाबिटपर्यंत’ असे लिहिलेले असते. सारे गूढ त्या ‘पर्यंत’ या शब्दात आहे. ग्राहक जे विकत घेतो तो एका सामाईक वाहिनीतील वाटा असतो आणि वाटेकरी किती, हे पावतीवर लिहिलेले नसते. एक कल्पित हिशेब पाहा. एखाद्या वस्तीतील केबलवाल्याने वरच्या कंपनीकडून १,००० मेगाबिटची वाहिनी घेतली आणि तिच्यावर १०० मेगाबिटची ५०० घरे जोडली. विकलेला वेग ५०,००० मेगाबिट, प्रत्यक्षातला १,०००. म्हणजे एकास पन्नास. सकाळी सहा वाजता यातली वीस घरे जागी असतात आणि प्रत्येकाला पुरा वेग मिळतो. रात्री नऊला चांगल्या दर्जाचे चलचित्र पाहणाऱ्या घराला सुमारे पाच मेगाबिट लागतात असे धरले, तर दोनशे घरांत वाहिनी भरते. दोनशे एकावे घर आले की त्याचे एकट्याचे चित्र अडखळते असे होत नाही, सगळ्यांचेच अडखळते. आयपीएलच्या दिवसांत हे दोनशे एकावे घर साडेसातलाच येऊन बसते.

यावरून वाटून घेणे हीच फसवणूक आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्येच दाखवून दिले होते की, सर्व ग्राहक एकाच क्षणी बोलत नाहीत आणि म्हणून ग्राहकांपेक्षा पुष्कळ कमी वाहिन्यांवर काम भागते. प्रत्येक घराला स्वतंत्र वाहिनी द्यायची म्हटले तर मासिक आकार मध्यमवर्गालाही परवडणार नाही, मग श्रमिकांची गोष्टच नको. वाद आहे तो प्रमाणाचा आणि त्याहून अधिक त्या प्रमाणाच्या गुप्ततेचा.

आपल्याकडे या बाबतीत नियम झालेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २००६ च्या विनियमांत गर्दीच्या वेळी वाहिनीचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा असे बंधन होते. ९० टक्क्यांवर गेला तर कोंडी झाली असे मानून एका महिन्याच्या आत क्षमता वाढविणे सक्तीचे होते. या विनियमांची जागा २०२४ मध्ये नव्या विनियमांनी घेतली. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास हे प्रमाण सांगितले होते. वरच्या हिशेबातील केबलवाला त्या कसोटीला उतरतो आणि तरीही त्याची वस्ती रात्री कोंडते. कारण उघड आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले होते. लोक पत्रे पाठवीत, बातम्या वाचीत आणि वाहिनी बहुतेक वेळ मोकळी राही. ही व्याख्या जानेवारी २०२३ मध्ये दोन मेगाबिटवर नेण्यात आली. पाचशे घरे एकाच वेळी वापरू लागली तर १०० मेगाबिटच्या ग्राहकाच्या वाट्याला नेमके तेवढेच येतात! प्रमाण तेच राहिले आणि वापराची रीत बदलली, तर प्रमाणाला अर्थ उरत नाही.

आता निवडीकडे. कंपनी बदलण्यापूर्वी रोग कोठे आहे ते पाहिले पाहिजे. संगणक राऊटरला तारेने जोडून सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला वेग मोजावा. दोन्ही वेळा कमीच आला, तर जोडणीत किंवा यंत्रात दोष आहे. सकाळी पुरा आणि रात्री अपुरा आला, तर ती कोंडी. तारेने नीट आणि वायफायवर वाईट येत असेल, तर दोष घरातच किंवा भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या राऊटरांच्या दाटीत असतो. त्यासाठी कंपनी बदलणे व्यर्थ. वेग मोजण्याचे केंद्र पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातच असते, तेथे आकडा सुरेख येतो. म्हणून ज्या कामासाठी जोडणी घेतली, तेच काम रात्री करून पाहणे अधिक विश्वसनीय.

कोंडीच आहे असे ठरले तरी नव्या कंपनीचे नाव ही पुरेशी हमी होत नाही. पुष्कळ वस्त्यांत दोन-तीन कंपन्यांची सेवा एकच केबलवाला देतो, त्याच खांबांवरून आणि कधी त्याच वाहिनीवरून. अशा ठिकाणी कंपनी बदलली म्हणजे फक्त पावतीवरचा शिक्का बदलतो. विचारायचे ते हे: गल्लीतील पेटीपासून पुढे फायबर कोणाचे आहे? त्या वाहिनीवर किती घरे आहेत आणि तिची क्षमता किती? फायबरच्या प्रचलित जी-पॉन पद्धतीत एका तंतूवरील सुमारे अडीच हजार मेगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तेथे सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती त्याच्या वरच्या टप्प्यात, आणि विक्रेत्याची टाळाटाळ तेथूनच सुरू होते. २०२३ पासून काही कंपन्या ५-जी लहरींवर घरगुती ब्रॉडबँड देत आहेत. तार ओढावी लागत नाही ही त्याची सोय, पण मनोऱ्याची क्षमता परिसरातील मोबाइलधारकांशी वाटून घ्यावी लागते. फायबर मिळत असताना ते घेऊ नये.

येथे समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात बीएसएनएलचा विचार येणार आणि तो यावाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी या देशात सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिले ते सार्वजनिक क्षेत्रातील विदेश संचार निगमने, जिची सूत्रे २००२ मध्ये खासगी उद्योगसमूहाकडे गेली. ट्रायच्या २०२४ च्या आकड्यांनुसार मोबाइल व तारेचे मिळून ९८ टक्क्यांहून अधिक ब्रॉडबँड ग्राहक पाच कंपन्यांकडे आहेत. अशा बाजारात सार्वजनिक कंपनी टिकणे ग्राहकाच्याच हिताचे आहे. परंतु बीएसएनएलचे फायबरही अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारच घरापर्यंत आणतो. तेव्हा रात्री साडेनऊची कसोटी तिलाही लावावी. निष्ठेपोटी कोंडी सोसणाऱ्या ग्राहकाकडून त्या कंपनीला काहीच शिकायला मिळत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास सवलत मिळते. ती पहिल्या महिन्यात घेऊ नये. २०११ पासून मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय घरच्या ब्रॉडबँडला नाही, आणि आगाऊ भरलेला पैसा हाच ग्राहकाच्या पायातला खोडा ठरतो. शक्य असेल तर जुनी जोडणी बंद करण्यापूर्वी दोन आठवडे दोन्ही चालू ठेवाव्यात.

हे सारे एकट्या ग्राहकाने करायचे म्हटले तर त्याला टेलिफोनवरील मुलगा ‘राऊटर बंद करून चालू करा’ एवढेच सांगेल. त्या मुलावर रागावून उपयोग नाही, त्याच्या हाती दुसरे काही दिलेलेच नसते. म्हणून शाखांनी आपापल्या चाळीत आणि सोसायटीत दहा-बारा घरांचा तक्ता करावा: घर, कंपनी, कबूल केलेला वेग, सकाळचा वेग, रात्रीचा वेग, सलग सात दिवस. तो तक्ता जोडून प्रत्येक घराने त्याच दिवशी तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. २०१२ च्या विनियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांना तक्रार केंद्रावर अपील प्राधिकरण नेमावे लागते. समाधान न झाल्यास ३० दिवसांत तेथे अपील करता येते, त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.