सोप्यात मावलेलं घर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटले की 'कसं काय' नंतर, आधी "आयर्विनवर किती फूट?" हे विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा १९२९ सालचा पूल. तिथं ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

आमचं घर गावभागातलं, ह्यांच्या आजोबांनी बांधलेलं. सोपा, माजघर, कोठीची खोली, माडी, माळा, परसात आड. खोल्या अकरा. १९७९ साली लग्न होऊन मी त्या घरात आले, तेव्हा आम्ही चौदा माणसं होतो. २०२१ चा पूर ओसरला, तेव्हा गाळ काढायला दोघंच उरलो होतो. हे सत्तरीचे, मी पासष्टची. तिसऱ्या दिवशी हे फावडं भिंतीला टेकवून जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "आता पुरे." चाळीस वर्षांत ह्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

भावकीच्या सह्या आणि विक्री यात दीड वर्ष गेलं. विश्रामबागेच्या बाजूला, उंचावर, लहानसा प्लॉट घेऊन घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं व्हरांडा. सगळं मिळून साडेपाचशे चौरस फूट.

साडेपाचशे म्हणजे किती, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळं घरात खडू असायचाच. एका दुपारी टेप लावून नव्या घराची एकेक खोली मी जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर आखली. दारं कुठं उघडणार, ओटा कुठं येणार, सगळं मापात. अख्खं घर आमच्या सोप्यात आणि माजघरात मावलं! मग नियम केला: जे रेघांच्या आत बसेल ते येईल. सासूबाईंचा शिसवी पलंग ठेवून पाहिला, तर दार उघडेना. श्रोतेहो, ज्यांना घर लहान करायचं आहे त्यांनी हा खडूचा उपाय जरूर करावा. डोळ्यांना जे पटतं ते मनाला समजावत बसावं लागत नाही.

तुम्ही म्हणाल, तीन-तीन पूर पाहिलेल्या घरात सामान उरलं कसं? त्याचं कारणच पूर. पाणी चढू लागलं की सगळं माडीवर, तिथून माळ्यावर न्यायचं. पाणी उतरायचं, पण सामान काही उतरायचं नाही. पंगतीचे चाळीस पाट, लोणच्याच्या बरण्या, तांब्याचा बंब, घंगाळ, ट्रंका, वळकट्या. नको असलेल्या वस्तूचं काय करायचं हे ठरवण्याऐवजी आम्ही ती वर ठेवत आलो होतो. नव्या घराला माळा नव्हता. चाळीस वर्षांचे निर्णय चार महिन्यांत करायचे होते.

मुलांना फोन केले. मुलगा म्हणाला, "आई, मला काही नको गं. ठेवू कुठं?" मला लागलं ते. रात्री झोप आली नाही. मुलीनं मात्र एक वस्तू मागितली. फोडणीची लोखंडी पळी! ज्या पितळी डब्यांना मी दर दिवाळीत चिंच लावून लखलखीत ठेवत आले, त्यांची तिला आठवणसुद्धा नव्हती. मुलांनी काय जपून ठेवलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून 'हे तुला घे' म्हणण्याऐवजी 'तुला काय हवं' असं विचारावं.

मोठी पातेली गल्लीतल्या मंडळाला महाप्रसादासाठी दिली. पाट एका खानावळवाल्या बाईंनी नेले. भांडी मोडीत काढताना त्यांवरची नावं वाचत होते. 'सप्रेम भेट' देणारी निम्मी माणसं आज नाहीत. नावं एका वहीत उतरवून घेतली, भांडी जाऊ दिली. वहीला जागा फारशी लागत नाही.

आता माझी चूक सांगते. माळ्यावर सासऱ्यांचं उतरतं लाकडी डेस्क होतं. ते हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्या डेस्कावर त्यांनी आयुष्यभर कीर्द-खतावणी लिहिली. पुरात त्याचा पाय कुजला होता. हे बँकेत गेले असताना मी ते भंगारवाल्याच्या गाडीवर घातलं. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं. हे काही बोलले नाहीत, चप्पल घालून बाहेर पडले. दोन तासांनी रिकाम्या हातांनी परत आले. डेस्क फोडून जळणाला गेलं होतं. त्या रात्री हे जेवले नाहीत. २०१९ ला पाणी अंगणात शिरलेलं असताना ह्यांनी ते एकट्यानं माळ्यावर चढवलं होतं, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठरवलं, ज्याची वस्तू त्यानंच टाकायची. दुसऱ्याची कितीही मोडकी दिसली, तरी आधी विचारायचं. या नियमानं काम लांबलं, पण पुन्हा कुणी उपाशी झोपलं नाही. डेस्क मात्र परत आलं नाही. त्याची भरपाई माझ्याकडं नाही.

मे २०२३ मध्ये आम्ही नव्या घरात आलो. सुरुवातीला सारखं एकमेकांना धडकायचो. जुन्या घरात हे माडीवर असले की मला जिन्याखाली उभं राहून हाक मारावी लागे. आता ओट्याशी उभं राहून नुसतं पुटपुटलं, तरी व्हरांड्यातून उत्तर येतं. गणपतीत मुलं आली, तेव्हा गाद्या घालायला जागा पुरेना. दोघं व्हरांड्यात झोपली. तक्रार कुणी केली नाही. केली असती, तरी खोली वाढणार नव्हती.

पहिल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते आणि थांबते. दोन वाजले असतील. पाऊस धो धो पडत होता. हे अंथरुणावर उठून बसले आणि म्हणाले, "आयर्विनवर किती गं?" मीही सवयीनं उठले, सामान कुठून काढायला लागायचं म्हणून दिवा लावला. समोर एक कपाट, एक टेबल, दोन खुर्च्या. वर न्यायला काही नव्हतं आणि वर जागाही नव्हती. आम्ही दिवा मालवला.