हॅम रेडिओचा मनोरा आणि काळ्या मातीतलं अर्थिंग

हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाचा परिसर म्हणजे मोकळं माळरान आणि काळी जमीन. अशा ठिकाणी हौशी रेडिओचा, म्हणजेच हॅम रेडिओचा मनोरा उभा केला, तर आसपास त्याच्याहून उंच काही नसतं. वीज उंच वस्तू शोधते, म्हणून अर्थिंग पक्कं हवं.

गोम काळ्या मातीत आहे. ओली असताना ती वीज छान वाहून नेते. पण मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि अर्थिंगचा रॉड मातीपासून सुटतो. नेमके तेव्हाच वळिवाचे ढग गडगडू लागतात! म्हणून रॉड खोल ओल लागेपर्यंत न्यावा, वरून पाणी घालत राहावं. मनोऱ्याच्या प्रत्येक पायाला वेगळा रॉड द्यावा आणि ते सगळे, घराच्या अर्थिंगसकट, एकमेकांना जोडावेत. ही जोडणी टाळली, तर वीज एका अर्थिंगकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेतला रेडिओ जाळते. रॉडना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीला काटकोनी वळण देऊ नये.

अर्थिंगच्या क्लॅम्पचे नट-बोल्ट पावसाळ्यापूर्वी उघडून पाहा. गंज खरवडा, घट्ट आवळा. अँटेनाची केबल आभाळ भरून येण्याआधीच काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावायचा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर आगाऊ इशारा देतं, ते आजच घ्या. आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं मनोऱ्याकडे फिरकू नका.