ओळख पाहू, मी कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, गेल्या रमजान ईदला आमच्या घरी शिरखुर्म्यासाठी कॉलेजातले जुने मित्र जमले होते. बी.ए.ला आम्ही मागच्या बाकांवर बसणारे. आज एक जण मास्तर आहे, एक वकील आहे, एकाचं किराणा दुकान आहे आणि एकानं बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. गप्पा रंगल्या, गुडघेदुखी आणि साखर यांवर पोचल्या आणि जरा थंडावल्या. तेव्हा पुण्याला संगणकाचं काम करणारा माझा भाचा म्हणाला, ‘‘मामू, एक खेळ खेळू या का?’’

खेळ सोपा होता. प्रत्येकानं नाव न घालता चिठ्ठीवर पाच-सहा ओळी लिहायच्या, ‘कालचा दिवस कसा गेला’ या विषयावर. भाचा त्या मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगणार आणि ती लिहिणाऱ्याचा स्वभाव सांगणार. लहानपणी आपण ‘ओळख पाहू, मी कोण?’ म्हणत मागून येऊन डोळे झाकायचो, त्यातलाच हा प्रकार. फक्त ओळखणारं यंत्र.

पहिल्या फेरीत भाच्यानं ज्याचं त्याला वाचून दाखवलं. मास्तरबद्दल यंत्र म्हणालं, ‘वरून शांत दिसता, पण आत बरीच खळबळ असते. लोकांना मदत करता, पण तुमच्या कष्टांची हवी तशी कदर होत नाही.’ मास्तर भारावला. ‘‘अरे, तीस वर्षांत बायकोनं मला इतकं ओळखलं नाही!’’ वकीलसाहेबही आपलं वर्णन ऐकून मान डोलावू लागले. मग भाचा हसत म्हणाला, ‘‘काका, माफ करा. मी चिठ्ठ्या बदलल्या होत्या. मास्तरकाकांना वकीलकाकांचं वाचून दाखवलं आणि वकीलकाकांना मास्तरकाकांचं!’’

ही गंमत आजची नाही. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. खरं तर सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं आणि त्यातली बरीच वाक्यं रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती! आपल्या कष्टांची कदर होत नाही, असं कुणाला वाटत नाही? नंदीबैलवालाही दारात उभा राहून हेच सांगत असे. फक्त त्याचा बैल मान हलवायचा, इथे आपणच हलवतो.

मात्र सगळंच थोतांड म्हणून सोडून देता येणार नाही. २०१५ साली केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८६,२२० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकवर माणसाला काय काय आवडलं, एवढ्यावरून संगणकानं त्याचा स्वभाव सांगायचा. दहा पसंत्या मिळाल्या की संगणकाचा अंदाज कचेरीतल्या सहकाऱ्यापेक्षा सरस ठरला, सत्तरांत मित्रापेक्षा, दीडशेंत घरच्यांपेक्षा आणि तीनशेंच्या आसपास नवरा-बायकोपेक्षा. तेव्हा मास्तरची तक्रार अगदीच खोटी नव्हती! पण त्यासाठी मोजमाप लागतं, पुष्कळ माहिती लागते. चिठ्ठीवरच्या पाच ओळींतून जे निघतं, तो बहुतेक गोड बोलण्याचा भाग असतो. ही यंत्रं माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून तयार झालेली असतात. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येईल, हे त्यातून ती शिकतात. माणूस दुखावू नये, अशी बोलण्याची सवयही त्यांना असते.

दुसऱ्या फेरीत भाच्यानं सचोटीनं खेळायचं कबूल केलं. माझी चिठ्ठी निघाली. आदल्या दिवशी मी गावाकडच्या शेतावर गेलो होतो. बांधावरची बाभळ, आटलेली विहीर आणि आईच्या जात्याची आठवण, असं काहीबाही लिहिलं होतं. यंत्र म्हणालं, ‘लिहिणारा शेतकरी घरातला दिसतो. वारकरी संस्कारात वाढला असावा. ओवी-अभंगांचा कान आहे.’ मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं.

मग भाच्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं त्याच ओळी पुन्हा दिल्या, पण या वेळी खाली माझं नाव लिहिलं. आता यंत्र म्हणालं, ‘यांच्या लेखनावर उर्दू शायरीचा वारसा दिसतो. मुशायऱ्यांची आवड असावी. मराठी ही त्यांनी नंतर प्रयत्नपूर्वक आत्मसात केलेली भाषा आहे.’

ओळ तीच, बाभळ तीच, विहीर तीच. फक्त नाव आलं आणि माझी आई बदलली.

श्रोतेहो, आमच्या घरात दखनी बोलत आणि अंगणात मराठी. पण माझी आई जात्यावर बसली की ओव्या मराठीतच म्हणायची. कविता मी तिथे ऐकली, मुशायरा फार उशिरा पाहिला. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद किंवा बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी मराठी कुणाकडून उसनी आणली नव्हती. तरी ‘तुम्ही इतकं छान मराठी कसं बोलता?’ हा प्रश्न तीस वर्षं कविसंमेलनांच्या चहापानात मला विचारला जातो. विचारणारे मनानं चांगले असतात, म्हणून मी हसून उत्तर देतो. मग यंत्रावर काय रागवायचं? ते आपलंच लिहिलेलं वाचून शिकलं. आपण जे गृहीत धरलं, तेच त्यानं नम्र भाषेत परत केलं.

भाच्यानं त्याला चूक सांगितली. त्यानं लगेच क्षमा मागितली, अगदी अदबीनं. दुसऱ्या दिवशी भाच्यानं नव्यानं संभाषण सुरू करून तोच प्रश्न विचारला. पुन्हा तेच उत्तर. क्षमा मागणं त्याला जमतं, ओशाळणं जमत नाही.

त्या संध्याकाळी मात्र मी काही बोललो नव्हतो. नुसता चष्मा पुसत बसलो. मास्तरनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत हाक दिली, ‘‘वहिनी, शिरखुर्मा अजून आहे का? आणि तुम्ही सासूबाईंच्या ओव्या वहीत उतरवून घेत होता, ती वही आणा.’’ चिठ्ठी नाही, नाव नाही. मला राग आला की मी चष्मा पुसतो, हे त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

जाताना दुकानदार मित्र भाच्याला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘बाळा, माझ्या चिठ्ठीत आईच्या आजारपणाचं होतं रे. ते आता कुठं गेलं?’’ भाचा गप्प झाला. ते एका कंपनीच्या संगणकात गेलं होतं. फेसबुकवरच्या सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती अशीच एका स्वभावचाचणीच्या निमित्तानं भलत्यांच्या हाती गेली असावी, हे २०१८ साली उघड झालं. त्यातल्या बहुतेकांनी ती चाचणी दिलीही नव्हती. दिली होती त्यांच्या मित्रांनी.

तेव्हा खेळ जरूर खेळा. हसा, चिठ्ठ्या बदला. पण मित्राचं मन त्याला न विचारता कुणाच्या पुढ्यात ठेवू नका. आणि नाव ऐकून मनात एखादं उत्तर तयार झालं, तर ते जरा बाजूला ठेवून त्या माणसालाच विचारा, ‘‘तुमची आई जात्यावर काय म्हणायची?’’