शोधयंत्रातून हरवलेली पाने
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी केलाच आहे. मला चिटणीस म्हणाले, "सर, तुम्ही त्या शिष्यवृत्तीच्या घोटाळ्यावर बोला." घोटाळा हा शब्द ऐकून कोणी दचकू नये, पैशाचा प्रश्न त्यात नव्हता. चूक माझी होती, आणि ती सांगितल्याने इतर संस्थांचा त्रास वाचेल म्हणून मी उभा आहे. मी मराठीचा शिक्षक. यंत्रविद्येतला जाणकार नव्हे.

२०१४ सालापासून मी एक संकेतस्थळ चालवितो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. दहावीच्या टिपणांबरोबर आपल्या शिष्यवृत्तीची सूचनाही त्यावरच असते. खेड्यातली मुले गूगलवर 'बेळगाव मराठी शिष्यवृत्ती' असे काहीतरी लिहितात आणि सूचना त्यांच्यापुढे येते. दरवर्षी साठ-सत्तर अर्ज येत. २०२२ साली ३० सप्टेंबरला मुदत संपली तेव्हा अर्ज होते अकरा. ईद-ए-मिलादच्या आदल्या दिवशी खानापूर तालुक्यातली एक मुलगी आईसह माझ्या घरी आली. आई म्हणाली, "सर, पोरीनं मोबाइलवर लई शोधलं. मागल्या साली तिच्या भावाला सापडलं होतं. आम्हाला वाटलं, ट्रस्टनं बंदच केली." मुदत उलटून आठ दिवस झाले होते. त्या दोघींना चहा देण्यापलीकडे मला काही करता आले नाही.

वास्तविक वाचक घटत असल्याचे मला ऑगस्टअखेरच दिसले होते. पण २५ ऑगस्टला गूगलने, उपयुक्त मजकुराला वरचे स्थान देणारा नवा फेरबदल सुरू केल्याची बातमी आली, आणि त्याचाच हा फटका असे मी मनाशी ठरवून टाकले. सहा आठवडे रात्री जागून जुनी टिपणे पुन्हा लिहून काढली. तो पहिला फेरबदल केवळ इंग्रजी शोधांपुरता होता. सर्व भाषांना तो डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. माझे संकेतस्थळ तर मराठी! विद्यार्थ्याने प्रश्न न वाचता उत्तर लिहिले तर मी गुण कापतो. येथे मी स्वतः तेच केले होते.

मायलेकी गेल्यावर त्या रात्री मी प्रथमच सर्च कन्सोल नीट उघडले. गूगलने संकेतस्थळाच्या मालकांसाठी विनामूल्य ठेवलेली ही नोंदवही होय. तीत सोळा महिन्यांचा हिशेब राहतो. आपले पान शोधाच्या यादीत किती वेळा दिसले आणि किती वेळा त्यावर बोट ठेवून वाचक आत आले, हे दोन आकडे वेगवेगळे पाहावेत, आणि तेही गतवर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून. मे महिन्यात दहावीची टिपणे कोण वाचणार? ती घट रोग नव्हे. दिसणे तेवढेच असून आत येणे घटले, तर मथळ्यात दोष असेल; किंवा, २०२४ पासून भारतातही सुरू झाल्याप्रमाणे, यंत्र स्वतःच वर उत्तर देत असेल, आणि त्यावर आपल्या हाती फारसा इलाज नाही. काही विशिष्ट शब्दांपुरतेच दिसणे घटले, तर दुसऱ्या कोणाची पाने आपल्या पुढे गेली. माझ्या बाबतीत सगळीच पाने एकजात शून्याकडे चालली होती. असे झाले म्हणजे लेखनाकडे नव्हे, दाराकडे पाहावे.

एकेका पानाची तपासणी करण्याची सोय तेथेच आहे. सूचनेच्या पानाचा पत्ता घातला, आणि उत्तर आले की या पानावर 'नोइंडेक्स' अशी आज्ञा आहे. म्हणजे, मला सूचीत घेऊ नका. ग्रंथ कपाटात आहे, पण सूचिपत्राच्या खणातले त्याचे कार्ड कोणी काढून टाकले आहे, असा तो प्रकार. ऑगस्टच्या आरंभी एका गृहस्थांकडून मी संकेतस्थळाची नवी मांडणी करून घेतली होती. वर्डप्रेसमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवण्याची एक चौकट असते. काम चालू असताना त्यांनी तीत खूण केली आणि ती तशीच राहिली. मीही पाहिले नाही. यंत्र प्रत्येक पानाकडे आपल्या सवडीने फिरकते व आज्ञा वाचल्यावर ते वगळते, म्हणून उतार हळूहळू दिसला आणि मला तो क्रमांक घसरल्यासारखा वाटला.

खूण काढली. मुख्य पान थोड्याच दिवसांत परतले, इतर पाने काही आठवड्यांत. तथापि निम्मी आलीच नाहीत. नव्या मांडणीत पानांच्या पत्त्यांतून साल आणि महिना गळाले होते. जुन्या पत्त्यावर जाणाऱ्यास ४०४, म्हणजे पान नाही, एवढेच दिसे. दुसऱ्या शाळांनी दिलेले दुवेही जुन्याच पत्त्यांचे. मग एका दोनशेपानी वहीत जुना पत्ता डावीकडे, नवा उजवीकडे असे लिहीत बसलो आणि प्रत्येकाला ३०१ ची, कायमच्या स्थलांतराची, सूचना लावली. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. घरात अर्थातच बोलणी खाल्ली.

एवढे करूनही काही पाने वर आली नाहीत. ती उघडून वाचली. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे, जी कोणत्याही गाइडात आणि शंभर ठिकाणी तशीच मिळतात. त्यांच्याबद्दल यंत्राला दोष देणे मला पटले नाही. मी ती काढून टाकली. सीमाभागातल्या मुलांच्या लेखनात कन्नडच्या सहवासाने होणाऱ्या चुकांवर मी लिहिलेली टिपणे मात्र परतली, आणि आज तीच अधिक वाचली जातात.

मधल्या काळात दूरध्वनी पुष्कळ आले: "पहिल्या क्रमांकावर आणून देतो, इतके पैसे द्या." ही मंडळी बहुधा विकतचे दुवे लावतात, आणि अशा दुव्यांविरुद्ध गूगलने २०१२ सालीच मोठी मोहीम उघडली होती. कोणी तुम्हाला दंड झाला म्हणून भिववले, तर सर्च कन्सोलमध्ये हस्तकृत कारवाईचे पान पाहावे. माणसाने बजावलेली शिक्षा असेल तर ती तेथे लिहिलेली असते.

विश्वस्तांना एक विनंती. आपल्या जुन्या स्मरणिका संकेतस्थळावर चढविल्या आहेत, पण त्या शोधात कधी सापडल्याच नाहीत. काही नुसती छायाचित्रे आहेत. काही जुन्या टंकात जुळविलेल्या, ज्यांत आपल्याला 'शिक्षण' दिसते पण यंत्राला रोमन अक्षरांचा गोंधळ. त्या युनिकोडमध्ये पुन्हा टंकित कराव्या लागतील. शाळेतली मुले हे काम करतील. मुद्रिते तपासण्याचे मी पाहतो.

त्या मुलीने २०२३ साली अर्ज केला आणि तिला शिष्यवृत्ती मिळाली. एक वर्ष मात्र गेलेच. आता दर १ ऑगस्टला मी सूचनेचे पान तपासणीत घालून पाहतो, आणि तिचा छापील कागद तालुक्यातल्या शाळांना टपालानेही पाठवितो.