चौथ्या पिढीचे नाव
(एका कुलसंमेलनातील भाषणाचा संपादित अंश)



श्राद्धात आपण पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचे नामोच्चारण करतो. त्यामागील पुरुषाचे नाव विचारले, की बहुतेक घरांत शांतता पसरते. एकोणिसाव्या शतकातील आपला पूर्वज नेमका तेथेच उभा असतो.

पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे आठवा. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी, या हेतूने हा भिक्षुक १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाला आणि स्वातंत्र्यसमराच्या वणव्यात सापडला. १८५८ मध्ये झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. मिळालेले द्रव्य लुटले गेले. मातापित्यांसाठी गंगेची कावड मात्र त्याने घरी आणली. पुढे १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, त्याने सारे लिहून काढले. कर्ज लपवले नाही, भीतीही लपवली नाही.

वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला तो १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. तोही परकीय सत्तेच्या धाकामुळे फेरफार करून. परंतु मूळ हस्तलिखित त्यांनी नष्ट केले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले, म्हणूनच १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना मूळ संहिता समाजापुढे ठेवता आली.

आज आपल्यावर परकीय सत्तेचा धाक नाही. तरीही कुलवृत्तांत लिहिताना आपण सनद मिरवतो आणि गहाणखत दडवतो. हा खोटा अभिमान सोडला पाहिजे. कर्जबाजारी पूर्वजाने घर उभे ठेवले, हे का थोडे आहे?

शोध घरातूनच सुरू करा. प्रथम वडीलधाऱ्यांना विचारा. माळ्यावरची जुनी दप्तरे, जमिनीच्या फेरफार नोंदी, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि पुण्याचे पुरालेखागार ही पुढची स्थाने. ज्यांच्या घरी कागद नाहीत, त्यांनी निराश होऊ नये. कोल्हापूर-सांगलीकडे हेळव्यांनी अनेक समाजांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. तो वारसाही तितकाच मोलाचा आहे.

अडचण आहे ती मोडी लिपीची. आजोबांचे अक्षर नातवाला वाचता येत नाही आणि न वाचलेला कागद रद्दीत जातो. म्हणून प्रत्येक कुळातून किमान एका तरुणाने मोडी शिकावी, एवढाच संकल्प आज करू या.

पितृऋण केवळ तर्पणाने फिटत नाही. ज्याला पाणी द्यायचे, त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.